जाळी लावा रे भो!

जळगाव-भुसावळात जाळीच्या जुन्या लिफ्ट शोधून मी त्यांचे व्हिडिओ काढतो. रिलेचा (लिफ्ट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा) टकटक आवाज, जाळीतून खाली सरकत जाणारे मजले... जीव जडलाय या यंत्रांवर. पण खाली बटण दाबावं, तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली! कुणीतरी जाळी उघडीच टाकून गेलेलं. दर वेळी हेच! अहो, जाळी पूर्ण लागून तिचा स्विच जुळल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही, आपल्याच जिवासाठी केलंय ते. मग मे महिन्याच्या उकाड्यात जिने चढा, जाळी ओढा. वर ऐकायचं काय, तर ‘भाऊ, लिफ्टच भंगार शे, काढी टाका!’ ठणठणीत आहे हो ती! ‘खट्’ आवाज येईपर्यंत जाळी ओढायला असा किती वेळ लागतो?