सापाच्या खोलीतले उंदीर

महाराष्ट्रात सापांवरून वाद पेटला की तो ठरलेल्या वाटांनीच जातो. श्रावणात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आणि तिथल्या जिवंत नागांच्या खेळांवर न्यायालयाने आणलेले निर्बंध यांवर बोलले जाते, नागाला दूध पाजण्यावर दरवर्षी त्याच हिरिरीने लिहिले जाते, आणि जून २०२५ मध्ये घडले त्याप्रमाणे थायलंडहून आलेल्या एखाद्या प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर डझनावारी विषारी साप सापडले की परदेशी साप पाळण्याच्या हौसेवर चार दिवस चर्चा रंगते. इंग्लंडमध्ये बसून हे सारे वाचताना मला एकच गोष्ट खटकत आली आहे. पाळलेला साप काय खातो, आणि ते खाद्य जिवंत असेपर्यंत कुठे ठेवलेले असते, याचा उल्लेखही या चर्चेत नसतो.

आपल्याकडचे देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींचे तसे नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करायची असते आणि पुढे त्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतरण कळवायचे असते. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगर, ज्याला इथे इंग्लंडमध्ये रॉयल पायथन म्हणतात, त्या यादीत येतो. अमेरिकेतला कॉर्न स्नेक येत नाही. म्हणजे पुण्या-ठाण्याच्या सदनिकांमध्ये असे साप आता रीतसर राहू शकतात, आणि ते दूध पीत नाहीत.

ठाण्याला माझ्या मावसबहिणीच्या मुलाने असा एक अजगर पाळला आहे. त्याच्या काचपेटीच्या खालच्याच फळीवर झाकणाला भोके पाडलेल्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या होत्या आणि त्यांत पांढऱ्या उंदरांची वीण चालू होती. खोलीत शिरताच लघवीचा उग्र दर्प नाकाला झोंबला. भरदुपारी, जेव्हा या जातीने एखाद्या कपारीत गोळा होऊन पडून राहायचे, तेव्हा तो अजगर झरोक्याच्या जाळीशी तोंड घासत फिरत होता आणि त्याच्या वरच्या ओठावरचे खवले सोलवटले होते. खालच्या टोपलीतल्या मादीने कागदाचे कपटे आणि पिल्ले मिळून सगळा संसार एका कोपऱ्यात रेटून ठेवला होता. "मामा, वास येत राहिला की त्याची भूक टिकते," असे त्या मुलाने मला समजावले. रॉयल पायथन महिनोन्महिने अन्न नाकारू शकतो, त्यामुळे पाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो हे खरे आहे. पण हा उपाय मुळातच चुकीचा आहे.

साप जिभेने हवेतले गंधकण टिपून टाळूतल्या ज्ञानेंद्रियाकडे पोहोचवतो, आणि अजगराच्या ओठांवरच्या खाचांना उबदार रक्ताच्या प्राण्याची उष्णता अंधारातही जाणवते. खोलीत चोवीस तास उंदरांचा वास असला की त्याच्या लेखी शिकार सतत जवळच असते आणि कधीच हाती लागत नाही. काही साप त्यामुळे अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतात, काही पाणी बदलायला आत गेलेल्या हातावरच झडप घालतात. मुक्या प्राण्याला मुद्दाम टांगून ठेवण्याला भूक वाढवणे म्हणता येत नाही.

उंदराची बाजू याहून वाईट आहे, कारण त्याला पळायला जागा नसते. सापाच्या कातेचा वाससुद्धा, आयुष्यात कधी साप न पाहिलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदराला भयभीत करतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. ताणाखालची मादी स्वतःची पिल्ले खाते, वीण घटते, आणि मग पाळणारा आणखी माद्या त्याच टोपलीत कोंबतो. घुशीएवढा वाढणारा पांढरा रॅट घाबरला की सुमारे २२ किलोहर्ट्झवर आवाज काढतो, जो माणसाच्या कानाच्या पट्टीबाहेरचा असल्यामुळे घरातल्या कोणालाही तो ऐकू येत नाही. साठलेल्या लघवीतून उठणारा अमोनिया उंदरांची फुप्फुसे तर बिघडवतोच, आणि त्याच बंद खोलीत झोपणाऱ्या मुलालाही सोडत नाही. उंदरांवरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी माणसालाही चावतात, ही आणखी एक भर.

इंग्लंडमधल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याच्या नवव्या कलमात पाळणाऱ्याने भागवायच्या पाच गरजा सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एक म्हणजे इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे ठेवले जाण्याची गरज. खाद्य म्हणून वाढवलेला उंदीर या कायद्यातून वगळलेला नाही. जिवंत उंदीर सापापुढे टाकण्यावर सरसकट बंदी नाही, पण अनावश्यक यातना हा गुन्हा असल्याने बहुतेक लोक गोठवलेला उंदीरच वापरतात. दुकानातल्या फ्रीझरमध्ये ते आकारानुसार पिशव्यांत मिळतात, सर्वांत लहान ते गुलाबी, केस न आलेले पिल्लू. त्यामुळे घरात दोन्ही प्राणी एकत्र ठेवण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही, शिवाय भेदरलेल्या उंदराने चावून सापाला जखमी करण्याचा धोकाही टळतो.

पण इथल्या लोकांची या बाबतीतली आत्मसंतुष्टता मला पटत नाही. हे उंदीर बहुधा कार्बन डायऑक्साइडने मारले जातात आणि तो वायू गुदमरवणारा आहे, हे इथल्या जाणकारांना चांगले ठाऊक आहे. मरण दुसऱ्याच्या शेडमध्ये घडते एवढेच. गोठवलेला माल निर्जंतुक असतो हाही भ्रम आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अशाच गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची बाधा झाली आणि माल परत मागवावा लागला. तरीही सापाच्या वासात आयुष्य काढणाऱ्या उंदरापेक्षा सापाचा वासही न लागता वाढलेल्या उंदराचे बरे चालले, असे मी म्हणेन.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा आणण्याची गरज नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव, अशी व्याख्या आहे, जी पृष्ठवंशीयांपुरती थांबणाऱ्या ब्रिटिश कायद्याहून मोठ्या मनाची आहे. आणि ताब्यातल्या प्राण्याला अनावश्यक यातना होऊ न देण्याचे कर्तव्य तिसऱ्या कलमातच आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवणाऱ्या कायद्याचा धाक कोणाला वाटणार, हा भाग वेगळा. मला हवी आहे ती एवढीच गोष्ट की सापाच्या नोंदणीच्या वेळी खाद्य कुठून येते आणि घरी वाढवत असल्यास ते कोणत्या खोलीत असते, हेही विचारले जावे, आणि एकच खोली असेल तर घरी वीण चालवण्यास मनाई असावी.

गोठवलेले उंदीर आपल्याकडे गल्लोगल्ली मिळत नाहीत, वीज जाते, आणि मटाराच्या पिशवीशेजारी उंदीर ठेवायला कोणतीही आई तयार होणार नाही, हे आक्षेप मला ऐकवले गेले आहेत आणि ते रास्त आहेत. शेवटच्यावर वेगळा छोटा फ्रीझर हा उपाय आहे, आणि स्वच्छतेसाठी तो इथेही सुचवला जातो. भाच्याने तूर्त टोपल्या दोन दारांपलीकडे, वारा खेळत्या बाल्कनीत हलवल्या आहेत आणि उंदरांना हात लावल्यावर तो साबणाने हात धुऊनच काचपेटी उघडतो. अजगर अजूनही रोजच्या रोज जेवत नाही. मोठ्या रॉयल पायथनला आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पुरते, हे त्याच्या आजीला मात्र पटलेले नाही.