वाढत्या अंगाची कंपनी

गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला बजावून सांगतात, ‘वाढत्या अंगाचा शिवा हो.’ टेक कंपनी काढणाऱ्यांना ही अक्कल कुणी दिलेली नसते. तिथे अंग आधी वाढतं; आणि जागा, नियम, डेटाबेस, झालंच तर संडास, हे सगळं तीस माणसांच्या मापाचंच राहतं. बाणेर-बालेवाडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत राबणाऱ्या आम्हा मंडळींना कंपनी वाढते आहे हे संस्थापकांच्या ईमेलमधून कळत नाही. ते मायक्रोवेव्हपाशी कळतं.

हिशेब सरळ आहे. एका डब्याला दोन मिनिटं. दार उघडणं, ‘अरे, हा कुणाचा?’ असं ओरडणं आणि मालक सापडेपर्यंत थांबणं धरून अडीच. तीस माणसांत डबा आणणारे १२, म्हणजे अर्ध्या तासात सगळे जेवायला बसले. माणसं १२० झाली की डबेवाले ४८ आणि रांग दोन तासांची. मग दुसरा मायक्रोवेव्ह येतो. तो आणि पहिला आणि किटली असे तिघं एकदम चालू केले की १६ अँपिअरची लाइन हात टेकते आणि पॅन्ट्री अंधारात जाते. म्हणून दुसरा मायक्रोवेव्ह शोभेला. पहिल्यात कुणीतरी नवा भिडू स्टीलचा डबा घालतो, ठिणग्या उडतात आणि आमटी गारच राहते, कारण लहरी धातूवरून परततात. काचेच्या डब्यातला भातही कडेने चटका देतो आणि मधोमध थंड असतो. त्यावर उपाय आहे: भाताच्या मधे खळगा करायचा आणि वरून चमचाभर पाणी शिंपडायचं. पण मागे नऊ जण उभे असताना भाताला खळगा करण्याइतकी स्थितप्रज्ञता फार थोड्यांत असते.

एके दुपारी कुणीतरी सुकटीचं कालवण गरम करतं. वास एसीच्या डक्टमधून थेट काचेच्या केबिनपर्यंत पोचतो आणि संध्याकाळी एचआरचा ईमेल येतो. कंपनीचं पहिलं लेखी धोरण बहुधा हेच असतं. रजेचं धोरण त्यानंतर येतं.

मीटिंग रूमची गोष्ट वेगळी नाही. पुण्यातली कंपनी म्हटल्यावर खोल्यांना किल्ल्यांची नावं असायचीच. त्यामुळे ‘तोरणा साडेअकराला मोकळा होतोय’, ‘राजगडावर एसी बंद आहे’ असली वाक्यं कानावर पडतात आणि नवीन माणसाची छाती उगाच फुगते. १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले होते. सेल्सची तिमाही बैठक आली की आमचे होते नव्हते ते सगळे जातात, तेही तहाची बोलणी न होता. मग इंजिनिअर मंडळी जिन्यात उभं राहून डिझाइनवर चर्चा करतात. ती चर्चा अर्ध्या वेळात संपते, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

आता एवढं सगळं असून माणसं तिथे का टिकतात? एकाच कारणासाठी: काम दिसतं. मोठ्या कंपनीत एका बटणाचा रंग बदलायला तीन समित्यांची संमती लागते. इथे ग्राहकाची तक्रार सकाळी येते, दुपारी बदल लिहिला जातो, दोघांनी नजर घातली की संध्याकाळी लाईव्ह. दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी पेमेंटचा अख्खा भाग सांभाळते आणि तो बंद पडला तर बँकेशी स्वतः बोलते. ही मजा पगारात मोजता येत नाही. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे त्या ती पगारात मोजून वजा करतात.

कुणाला विचारावं लागत नाही, हे सुख. विचारायला कुणी नसतं, हे त्याच सुखाचं दुसरं टोक. बिलं तयार करणारा प्रोग्रॅम रोज पहाटे नेमका कुठल्या सर्व्हरवर चालतो, हे एका माणसाला माहीत असतं. तो माणूस लडाखला गेलेला असतो.

शिवाय माणसांबरोबर बोलणीही वाढतात, आणि ती दामदुप्पट नव्हे, त्याहून जोरात. १२ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ६६. माणसं दहापट करून १२० केली की जोड्या ७१४०. म्हणजे तेवढे गैरसमज होण्याची सोय झाली. मग ते मिटवायला मॅनेजर येतात, मॅनेजरांना मॅनेजर येतात, आणि काल जे काम शेजारच्या खुर्चीकडे वळून होत होतं त्याचं आज जिरावर, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तिकीट निघतं. सकाळचा स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, उभ्याने घ्यायचा तो पाय दुखून लवकर संपावा म्हणून. सहा जण, प्रत्येकी दोन मिनिटं, पाव तासात मोकळे. टीम चौदाची झाली की लोक खुर्ची घेऊन येतात. नाव स्टँड-अपच राहतं.

रात्रीचा पहारा, म्हणजे ऑन-कॉल, हा मात्र स्वतंत्र छळ आहे. आठवडाभर फोन उशाशी, आणि घरच्यांना लग्नाला ‘येईन, पण लॅपटॉप आणेन’ असं सांगायचं. रात्री अडीचला जे कोसळतं ते फार गहन नसतंच. पोस्टग्रेस डेटाबेस मुळात १०० जोडण्यांची मर्यादा घेऊन येतो आणि त्यातल्या तीन तो स्वतःच्या मालकासाठी राखून ठेवतो. उरल्या ९७. प्रोग्रॅमची प्रत्येक प्रत आपल्यासाठी २० अडवून बसते. चार प्रतींपर्यंत ८०, सगळं सुरळीत. गिऱ्हाइकं वाढली म्हणून कुणीतरी पाचवी प्रत चढवतं आणि शेवटच्या तिघांना दार बंद. नवी आवृत्ती चढवताना तर जुन्या प्रती उतरायच्या आधी नव्या उभ्या राहतात, म्हणजे मागणी काही मिनिटं दुप्पट. म्हणून तर डिप्लॉय केल्या केल्या प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाइकं वापरतात ती यंत्रणा, पडतं आणि बिचाऱ्या नव्या कोडवर आळ येतो. इलाज ठरलेला: प्रत्येक प्रतीचा वाटा कमी करा, मधे पीजीबाउन्सर, म्हणजे थोड्याच जोडण्या सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम, बसवा. मर्यादा १०० ची ५०० करणारे हुशार निघतातच. त्यांना महिन्याभराने कळतं की प्रत्येक जोडणी आपली मेमरीही खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कुणालाही दोष न देता’ चिकित्सेची बैठक होते. त्यात पाचवी प्रत कुणी चढवली हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे छताकडे बघतात.

पगाराच्या कागदाकडे वळू. सीटीसी, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, नावाच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, विम्याचा हप्ता असतो आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते. हा ४.८१ आकाशातून पडलेला नाही: वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, भागिले बारा महिने. कायम नोकरीत तो हाती पडायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. पाच वर्षं कंपनीच टिकेल का, यावर कॅन्टीनमध्ये पैजा लागत असतात, पण सीटीसीत ती रक्कम पहिल्या दिवसापासून हजर. व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. दिवस सगळ्यात कमी त्या महिन्यात कर शंभराने जास्त. पण याचा राग कंपनीवर काढण्यात अर्थ नाही, तो सरकारचा विनोद आहे.

आणि सगळ्यात गोड पदार्थ, ईसॉप: कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क, म्हणजे ऑप्शन. समजा ४८०० ऑप्शन दिले. पहिल्या वर्षभरात शून्य. वर्ष भरलं की एकदम १२००, मग दरमहा १०० असे चार वर्षांत पुरे. कंपनी ते १० रुपये भावाने देणार आणि आजची किंमत लावलीय ५१०. पहिले १२०० घ्यायचे तर खिशातून १२,००० द्यायचे. वर प्रत्येकी ५०० चा फरक पगार म्हणून धरला जातो, म्हणजे सहा लाखांचं उत्पन्न. ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर उपकरासह १,८७,२०० रुपये कर. शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, त्यामुळे विकता येत नाहीत. कर रोख, संपत्ती कागदी. हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण ती ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपांनाच. नोकरी सोडली की बहुतेक ठिकाणी ९० दिवसांत घ्या नाहीतर विसरा. लोक नेमके त्या ९० दिवसांत गृहकर्जाच्या धावपळीत असतात.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा कंपनीची संस्कृती वगैरे विचारण्यात वेळ दवडू नये. सोडल्यावर शेअर घ्यायला मुदत किती, ऑन-कॉल किती आठवड्यांनी आणि त्याचे वेगळे पैसे का, आणि मुख्य म्हणजे ४८०० हे एकूण किती शेअरांपैकी, एवढंच विचारावं. दहा लाखांपैकी असतील तर जवळपास अर्धा टक्का, मान ताठ ठेवून घरी सांगता येतं. दहा कोटींपैकी असतील तर शून्यानंतर टिंब, दोन शून्यं आणि मग ४८. या प्रश्नावर समोरची व्यक्ती हसते, वहीत काहीतरी लिहिते आणि ‘मी फायनान्सला विचारून कळवते’ म्हणते. चार दिवसांनी ऑफर लेटर येतं. त्यात ४८०० हा आकडा ठळक टाइपात असतो.