फोर व्हील ड्राइव्ह असली तरी बर्फात टायर बघावाच लागतो

एक मेसेज फिरतोय की गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर विंटर टायरची गरजच नाही, ऑल-सीझन म्हणजे बारमाही टायरवर 'एम प्लस एस' (M+S) लिहिलेलं असलं की बर्फातही बिनधास्त जा. अहो, असं नाहीये. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागची हलते पटकन, पण ब्रेक मारल्यावर थांबवतं ते रबरच, आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात ना.

समर टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, पकड जाते, मग रस्ता कोरडा असला तरी. विंटरचं थंडीत मऊ राहतं, शिवाय त्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक बारीक फटी असतात त्या बर्फाला धरतात. तेच टायर उन्हाळ्यात ठेवलेत तर भराभर झिजतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

आणि ते 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ते नक्षीवरून लिहितात, त्यासाठी बर्फावर टेस्ट लागत नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह शोधा, ते टेस्ट पास झाल्यावरच मिळतं. काही ऑल-सीझनवरही असतं, हलक्या बर्फाला ते चालतात. बर्फ पडतच नसेल आणि थंडीही 7 अंशांच्या खाली जात नसेल तर मात्र विंटर टायर उगाच घेऊ नका.