आडम मास्तर, कुंभारीची घरं आणि ते व्यासपीठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलापूरचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि कामगार पुढारी नरसय्या आडम, म्हणजे आमचे आडम मास्तर, यांच्या राजकीय वाटचालीवर मी जे लिहिलं ते तुम्हाला भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं असं : युनियनबाजीने सोलापूरच्या गिरण्या बसवल्या आणि तुमच्या वडिलांची नोकरी त्यातच गेली; बिडी कामगारांची घरं सरकारी पैशातून झाली, त्यात मास्तरांचं काय; आणि 2019 मध्ये मोदींच्या व्यासपीठावर जाणारा माणूस कसला कम्युनिस्ट.

गिरण्यांबद्दल आधी लिहिते, कारण त्यामागे तुमच्या घराचं दुःख आहे. संप झाले, काही लांबलेही, हे मी नाकारत नाही. पण जुनी यंत्रं बदलण्यात मालकांनी पैसा घातला नाही आणि कापडाचा धंदा यंत्रमागांकडे सरकत गेला. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा लाल बावटावाल्यांचीही घरं उघड्यावर आली, आमचंही त्यात होतं. आजोबा त्याच गिरणीत होते. त्यांच्या हिशेबाच्या पैशासाठी किती चकरा मारल्या, ते मी लहानपणी रोज ऐकलंय.

आता घरांबद्दल. इथे तुम्ही घाई केलीत असं मला मनापासून वाटतं.

माझी अम्मा बिडी वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. पानात तंबाखूची चिमूट, बोटांनी एक वळसा, अंगठ्याच्या नखाने तोंड मिटवायचं, दोरा. मी शाळेतून आल्यावर दोरा बांधायला बसायचे. तंबाखूच्या वासात जेवायचं, तिथेच झोपायचं. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. अम्मा मान खाली घालून उभी राहायची.

या बायकांचं स्वतःचं घर व्हावं, ही मागणी मास्तरांच्या युनियनने लावून धरली. ‘सरकारी पैसा’ म्हणता, तो कुठून आला ते बघा. 1976 च्या कायद्याने बिडी कामगार कल्याण निधी उभा राहिला, त्यात बिड्यांवरचा उपकर जमा व्हायचा. म्हणजे अम्माने वळलेल्या बिड्यांवरच तो पैसा गोळा होत होता. दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांचं अनुदान, सगळं त्यातून. कामगारांच्या नावाचा पैसा कामगारांपर्यंत आणायला कुणीतरी फाईल घेऊन सोलापूर-मुंबई-दिल्ली करावं लागतं. तेही एकदा जाऊन भागत नाही. मंत्री बदलला, अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं झाली. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताईंचं नाव बिडी कामगार बायकांच्या वसाहतीला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. घर साठ हजारांचं : वीस हजार केंद्राचे, वीस राज्याचे, वीस त्या बाईचे. हे वीस हजार म्हणजे किती बिड्या, याचा हिशेब अम्मा बोटांवर करायची. सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापूरला येऊन या घरांच्या चाव्या देऊन गेले. त्या दिवशी अम्माने आधी दाराला हळदकुंकू लावलं आणि मग कडी काढली. आत गेल्यावर ती काहीच बोलली नाही, भिंतीवरून हात फिरवत राहिली.

मास्तर 1978, 1995 आणि 2004 असे तीनदा आमदार झाले. 2009 मध्ये प्रणिती शिंदेंनी त्यांना हरवलं आणि नंतर विधानसभा त्यांच्या हाती लागली नाही. कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या रे नगर वसाहतीच्या 30,000 घरांचं काम मात्र त्यांनी आमदारकी नसताना पुढे नेलं. म्हणून मी लिहिलं होतं की त्यांची खरी कारकीर्द सभागृहाबाहेरची आहे. ते वाक्य मागे घ्यायची मला गरज वाटत नाही.

व्यासपीठाचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. 9 जानेवारी 2019 रोजी मोदींच्या हस्ते रे नगरचा पायाभरणी समारंभ झाला, मास्तर तिथे होते. पंतप्रधान आवास योजनेत घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख येणार होता, दोन्हीकडे भाजपचं सरकार. युनियनचा माणूस आयुष्यभर समोरच्या मालकाशी करार करत आलेला असतो. मालक कोण असावा हे त्याच्या हातात नसतं, करारात कामगाराच्या पदरात काय पडलं एवढंच तो बघतो. मनमोहन सिंगांच्या हातून चाव्या घेतल्या तेव्हा कुणी बोट दाखवलं नव्हतं.

पण मास्तर आभार मानून थांबले नाहीत. त्यांनी मोदी आणि फडणवीस यांचं जाहीर कौतुक केलं, तेही लोकसभा निवडणूक तोंडावर असताना. तिथे ते चुकले. पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, ते मला योग्य वाटतं. माझ्या लेखात ही गोष्ट एका ओळीत उरकली होती. ती माझी चूक, तुमच्यामुळे ती लक्षात आली. 19 जानेवारी 2024 रोजी मोदींनी 15,000 घरं हवाली केली आणि बोलताना त्यांचा गळा दाटून आला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. चाळीस वर्षं त्या बायकांबरोबर रस्त्यावर बसलेल्यांची आठवण किती जणांना झाली असेल, या विचाराने मला त्या दिवशी वाईट वाटलं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगते. घर झालं, पण मजुरीचा प्रश्न सुटला नाही. हजार बिड्यांमागचा दर वाढवा म्हटलं की कारखानदार धंदा दुसऱ्या राज्यात नेण्याची भाषा करतात. वसाहत शहराबाहेर, त्यामुळे शहरातली धुण्याभांड्याची कामं सुटली, मुलींच्या कॉलेजचा प्रवास वाढला. अम्माचा खोकला नव्या घरातही गेला नाही. मास्तरांवर टीका करायची तर इथे करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सोलापूरला आलात तर कुंभारीला या. अम्मा आता बिड्या वळत नाही, पण सूप अजून दाराशी टांगलेलं आहे. तुमची प्रतिक्रिया मी तिला वाचून दाखवली. तिने एवढंच विचारलं, तुमचे वडील कोणत्या गिरणीत होते आणि कोणत्या खात्यात. तेवढं जरूर कळवा.