शेळी व्यायला पाच महिने, हप्ता मात्र आठव्या दिवशी

केज तालुक्यात माझी मावशी राहते. दोन वर्षाखाली तिनं फायनान्सवाल्यांच्या गटातून तीस हजार उचलले अन् दोन शेळ्या घेतल्या. आता शेळी गाभण राहिली की व्यायला पाच महिने, करडू विकण्याजोगं व्हायला अजून सात-आठ महिने, पण हप्ता पुढच्याच आठवड्यात सुरू. मावशी मला म्हणली, "शेळीला काय सांगू रं, आठ दिवसात व्ये म्हणून?"

मग हप्ता खुरपणीच्या मजुरीतून जायला लागला, पाऊस लांबला तसं कामच बंद पडलं, गटातल्या बायका दारात यायला लागल्या, कारण एकीनं नाही भरलं की बाकीच्यांनी भरायचं, त्यांचं तरी काय चुकलं. पहिल्या कर्जाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं लोन घेतलं अन् शेवटी शेळ्याच बाजारात गेल्या.

मी कर्जाच्या विरोधात नाही. सावकाराच्या दारात उभं राहण्यापेक्षा हे कधीही बरंच. ही छोट्या कर्जाची पद्धत जिथून पसरली त्या बांगलादेशात, जोब्रा गावात, १९७६ ला अर्थशास्त्राचे प्राध्यापक मोहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, त्यात बांबूची स्टुलं विणणाऱ्या बायका होत्या. त्यांचा माल रोजचा रोज विकायचा. आपल्याकडं सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा, अन् ऊसतोडीची उचल तर कारखाना सुरू व्हायच्या आधीच घरात खर्चून जाते. तिथं आठवड्याचा हप्ता कुठून आणायचा?

कोलकात्यात एका अभ्यासात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन महिने उशिरा सुरू करून बघितला. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, नफाही वाढला. थकबाकी वाढली हेही खरंय, कंपन्यांना भीती वाटते ती उगाच नाही. पण हैदराबादच्या झोपडपट्ट्यांतला अभ्यास २०१५ ला छापून आला, त्यात नेहमीच्या पद्धतीच्या कर्जानं छोटे धंदे थोडे वाढले तरी घरखर्च, पोरांचं शिक्षण यात काही मोठा फरक दिसला नाही. मग जुनीच पद्धत धरून काय मिळवतोय आपण? रिझर्व्ह बँकेनंही २०२२ च्या नियमात हप्ता किती दिवसांनी भरायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणं ठेवायची सोय द्या असं सांगितलंय, गावात मीटिंगला हे कुणी बोलत नाही. सही करायच्या आधी बायकांनी हेच विचारावं, पीक निघाल्यावर भरलं तर चालंल का?

मावशी आता गावातल्या बचत गटात आहे. गटानं ठरवलं, महिन्याला नुसतं व्याज द्या, मुद्दल करडं विकल्यावर. एक शेळी घेतलीय, गाभण आहे, पोळ्याच्या आसपास व्येईल म्हणते.