कोमल पंचम

चार कॉर्डांवर शे-दीडशे गाणी वाजवून झाल्यावर आमचे गिटारचे सर म्हणाले, "आता सोलो घ्यायला शिका." आणि एका चिठ्ठीवर ७ मोडची, म्हणजे स्वरांच्या मांडण्यांची, नावं लिहून दिली. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. चिठ्ठी केमिस्टला दाखवली असती, तर त्यानं "यातलं लोक्रियन नाहीये, उद्या येईल" म्हटलं असतं.

गंमत म्हणजे सातांतही स्वर तेच. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या. सी पासून निघालात तर आयोनियन, डी पासून डोरियन, ई पासून फ्रिजियन. तीन आठवडे रोज रात्री ९ ते १० मी हे चढलो-उतरलो. बोटांना घट्टे पडले, कानात काही पडलं नाही. आत्ता कुठला मोड चाललाय, हे मला चिठ्ठी बघूनच कळायचं.

एका रात्री मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "अर्धा तास नुसता बिलावल काय घोळवतोयस?"

"आई, हे डोरियन आहे."

"असेल. पण तुझा सा कुठंय?"

आई संगीत विशारद. तिनं तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, डी वर लावला. मी तेच स्वर पुन्हा वाजवले आणि शहाराच आला. गंधार कोमल, निषाद कोमल, समोर साक्षात काफी! सा ई वर नेला, भैरवी. एफ वर कल्याण, जी वर खमाज, ए वर आसावरी. भातखंड्यांनी रागांच्या वर्गवारीसाठी मांडलेल्या १० थाटांपैकी ६ माझ्या चिठ्ठीत होते आणि मी त्यांना महिनाभर ग्रीक समजत होतो.

राहिला लोक्रियन. सा बी वर. तानपुऱ्यातला पंचम आणि माझा एफ एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

"हा कुठला स्वर रे?"

"कोमल पंचम."

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "पंचम कधी कोमल असतो का? सा आणि प अचल. किती फी घेतात तुझे सर?"

मी आकडा थोडा कमी करून सांगितला. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, तर म्हणे लोक्रियन तसंही फारसं कुणी वाजवत नाही. (हे चिठ्ठीवर लिहायला काय झालं होतं?)

मग सोसायटीचा गणपती आला. ए मायनरची बॅकिंग ट्रॅक (आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ), सोलोसाठी माझ्या वाट्याला ८ बार, म्हणजे तालाचे ८ तुकडे. डोरियन घ्यावं की एओलियन, यात पहिले दोन गेले. तिसऱ्याला बोटं माझी परवानगी न घेता पाचव्या पडद्यावर जाऊन बसली, मायनर पेंटाटोनिकच्या जागेवर. ए, सी, डी, ई, जी. पाच स्वर, जगातल्या यच्चयावत गिटारवाल्यांचं माहेर. सातव्या बारात बोट घसरून बी लागला. टाळ्या झाल्या.

घरी येताना आई म्हणाली, "धानी राग छान वाजवलास. आणि तो रिषभ! किती अलगद लावलास, एकदाच."

"हो," मी म्हणालो, "जास्त लावायचा नसतो."