डॉक्टर, आधी काम काय करतो ते विचारा

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी वर्षभराचा सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा, कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहावीत का, यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस संप केला. दोन्ही बाजूंचं मी इथे लेस्टरमध्ये बसून वाचत होतो. औषध कोणी लिहायचं यावर रणकंदन. समोरचा पेशंट दिवसभर कसलं काम करतो हे विचारायला डॉक्टरला कोणी शिकवायचं, यावर अवाक्षर नाही.

मी एका गोदामात शिफ्ट मॅनेजर आहे, त्यामुळे आजारपणाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. ब्रिटनमध्ये पहिले सात दिवस कामगाराने स्वतः लिहून दिलेलं चालतं, पुढे डॉक्टरची 'फिट नोट' लागते. २०१० पासून तिच्यावर दोन पर्याय आहेत: काम जमणार नाही, किंवा अमुक बदल केले तर जमेल. तास कमी करा, जड उचलायला लावू नका, वगैरे. तेव्हा जीपींना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, यासाठी प्रशिक्षणही दिलं गेलं.

तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त नोटांवर पहिल्याच पर्यायावर खूण असते. जीपीला दोष देणं सोपं आहे. दहा मिनिटांची भेट, माझं गोदाम त्याने कधी पाहिलेलं नाही, आणि वर्षानुवर्षं येणाऱ्या पेशंटला 'तुला जमेल' म्हणायचं कोणत्या तोंडाने? पण 'दहा किलोच्या वर नको, रात्रपाळी नको' असं नेमकं लिहून आलं की मला त्या माणसाला पॅकिंगच्या टेबलावर बसवता येतं आणि त्याचा पगार चालू राहतो. त्यामुळे ते प्रशिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

हा कागद आपल्याकडे जसाच्या तसा नेऊन उपयोग नाही. दाखवायचा कोणाला, ऊसतोडीच्या मुकादमाला? तिथे एक दिवसाचा खाडा झाला तरी दंड पडतो. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तक्रारी काय, तर अंगावरून जाणं, कंबर-ओटीपोट दुखणं. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं, फडात ना संडास ना धड पाणी, हे त्या दुखण्यात कुठे बसतं याचा विचार किती दवाखान्यांत झाला असेल? पैशासाठी ऑपरेशन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर कारवाईच हवी, प्रशिक्षण नको.

दगड फोडणाऱ्याचा खोकलाही असाच. त्याला सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, असतो आणि टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पुन्हा पुन्हा चालतो. कारखान्याच्या कामगारात असा आजार दिसला तर तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं ८९वं कलम सांगायचं. त्याच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तशी तरतूद आहे. गल्लीतल्या डॉक्टरला ती माहीत असेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा कोर्स आहे, पण तो कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी. फडावरची बाई त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते.

सीसीएमपीच्या वर्षातले आठ दिवस यासाठी काढा, एमबीबीएसच्या इंटर्नशिपमधलेही आठ काढा. एक दिवस वीटभट्टीवर, एक फडात, एक ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात. आणि केसपेपरवर वयाच्या शेजारी कामाचा रकाना छापा, तोही 'मजुरी' एवढंच लिहून न भरता.